पिंजऱ्याचे माप

शिंप्याकडे गेलो की तो आपल्या अंगाचे माप घेतो, आपल्या कपाटाचे घेत नाही. खाट करायला टाकली तर सुतार पहिला प्रश्न विचारतो, निजणारा माणूस उंचीला किती? वस्तूचे माप ती वापरणाऱ्यावरून ठरावे, हा व्यवहाराचा साधा नियम आहे आणि तो कोणाला शिकवावा लागत नाही. या नियमाला मला एकच ठळक अपवाद आढळला आहे. तो म्हणजे पक्ष्याचा पिंजरा. पिंजरा घेताना माप निघते ते गॅलरीतल्या कोपऱ्याचे, छताच्या कडीचे, नाहीतर खिशाचे. ज्याला त्यात उभा जन्म काढायचा आहे, तो त्या वेळी समोरच बसलेला असतो. पण टेप त्याच्याकडे वळत नाही.

हा विषय वार्षिक अंकासाठी कसा काय सुचला, असे काही प्राध्यापकांनी हसून विचारले. कारण आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गातच आहे. दर वर्षी निरोपाच्या वेळी वर्गाने महाविद्यालयाला काहीतरी भेट द्यावी अशी येथे प्रथा आहे. कोणी भिंतीवरचे घड्याळ दिले, कोणी पाण्याचा कूलर दिला. यंदा सूचना अशी आली की, वाचनकक्षाबाहेरच्या व्हरांड्यात ‘लव्हबर्ड’ची एक जोडी पिंजऱ्यासह टांगावी. सूचनेला टाळ्या पडल्या, वर्गणीही सुरू झाली. कल्पना रम्य आहे, यात वाद नाही. विरोधासाठी विरोध करण्याची मला हौस नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, आधी पिंजऱ्याचे माप ठरू द्या, मग पक्ष्याचे बघू. आणि ते माप आपल्याला झेपत नसेल तर भेट बदला.

मुळात ज्यांना आपल्याकडे बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणतात, ते बहुधा लव्हबर्ड नसतातच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेकडचे. आपल्या पिंजऱ्यांतून दिसणारे हिरवे, निळे, पिवळे चिमुकले पोपट म्हणजे बजरीगर, ते ऑस्ट्रेलियाचे. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड याने १८४० साली ते जिवंत स्थितीत इंग्लंडला आणले आणि तेथून घराघरांतून त्यांची पैदास सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात त्यांचे प्रचंड थवे पाऊस आणि गवताचे बी शोधत गावोगाव भटकत असतात. म्हणजे आपण निवडला आहे तो एका जागी बसणारा पक्षी नव्हे. निसर्गाने त्याला भटक्याचे पंख दिले आहेत. चोचीपासून शेपटीपर्यंत तो सुमारे सात इंच भरतो, आणि पंख पसरले की जवळजवळ एक फूट.

हा एक फूट लक्षात ठेवून मी घरची शिवणयंत्रावरची टेप खिशात घातली आणि बाजारात गेलो. जोडीसाठी म्हणून जो पिंजरा सर्वांत जास्त खपतो असे दुकानदाराने सांगितले, तो लांबीला सव्वा फूट, रुंदीला पाऊण फूट आणि उंचीला दीड फूट निघाला. त्यात दोन दांड्या, दोन वाट्या, एक झोपाळा आणि एक आरसा. आता गणित करा. पक्ष्याने पंख उघडले की दोन्ही बाजूंना मिळून तीन इंच उरतात, तेही झोपाळा मध्ये आला नाही तर! दुसऱ्या पक्ष्याने त्याच वेळी पंख उघडू नयेत, अशी त्या दोघांत काही समजूत झालेली असावी. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, “साहेब, लहान जीव आहे, त्याला किती जागा लागणार?” लहान जीवाला लहान जागा, हे ऐकायला बरोबर वाटते. परंतु जागा शरीराच्या आकाराने लागत नाही, हालचालीच्या स्वभावाने लागते. वीतभर बजरीगराला जी जागा लागते, ती तेवढ्याच आकाराच्या बेडकाला लागणार नाही.

उंचीविषयी एक भ्रम फार पसरला आहे. पिंजरा उंच असला की तो मोठा, असे आपल्याला वाटते, कारण आपण तो उभा राहून पाहतो. वर घुमट, त्यावर कडी, असा देवळाच्या शिखरासारखा पिंजरा शोभेला छान दिसतो. पण पक्षी काही विहिरीतल्या बादलीसारखा सरळ वर-खाली जात नाही. तो आडवा उडतो. या फांदीवरून त्या फांदीवर. म्हणून पिंजऱ्यात पहिला मान लांबीचा, मग रुंदीचा आणि मग उंचीचा. वसतिगृहाची खोली दहा बाय दहाची असेल आणि तिचे छत वीस फुटांवर नेले, तर तिघा रहिवाशांची सोय किती वाढेल? गोल पिंजऱ्याची तर आणखी एक अडचण आहे. त्याला कोपराच नाही. घाबरलेल्या पक्ष्याला पाठ टेकवायला कोपरा लागतो.

जाणकार मंडळी बजरीगरांच्या जोडीसाठी लांबी अडीच फूट, रुंदी दीड फूट आणि उंची दीड फूट, असे साधारण किमान माप सांगतात. परंतु त्यात एक अट गृहीत असते. ती अशी की, रोज काही तास पक्ष्यांना खोलीत मोकळे उडू द्यायचे. म्हणजे तो पिंजरा झोपण्या-जेवण्यापुरता, हिंडणे-फिरणे बाहेर. आमच्या व्हरांड्यात हे कसे जमणार? तेथे भिंत एकाच बाजूला आहे, समोर अशोकाची झाडे, आणि कँटीनच्या पत्र्यावर दोन मांजरे कायमची मुक्कामाला. तेव्हा आपला पिंजरा हेच त्या जोडीचे सारे जग ठरणार. मग माप वाढवायला हवे. माझ्या मते पाच फूट लांबी, दोन फूट रुंदी आणि अडीच फूट उंची याच्या खाली उतरू नये. पाच फुटांत पंखांचे चार-सहा फटकारे तरी बसतात. याला उड्डाण म्हणणे धाडसाचे होईल. निदान उडीपेक्षा ते काही निराळे असते.

कायदा याबाबत काय म्हणतो, हेही पाहिले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आपल्या देशात आहे. त्याच्या अकराव्या कलमात, प्राण्याला हालचालीस वाजवी वाव मिळणार नाही इतक्या अपुऱ्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा ठरविले आहे. ‘वाजवी’ म्हणजे किती इंच, ते कलमात नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने एक खूण दिली आहे; पक्ष्याला पंख मोकळेपणी पसरता आले पाहिजेत. ही खूण उपयोगी खरी, पण ती मला अपुरी वाटते. बाकावर बसल्या बसल्या दोन्ही हात लांब करता आले म्हणजे माणूस फिरून आला असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१५ साली एका प्रकरणात तर थेट पक्ष्यांच्या आकाशात उडण्याच्या हक्काचीच भाषा केली. ती भाषा बाजारातल्या सव्वा फुटी पिंजऱ्यापर्यंत अजून पोचलेली दिसत नाही.

येथे आपल्या देशी पोपटाचा, म्हणजे घरोघरच्या ‘मिठू’चा विषय निघणारच. त्याच्याबाबत मापाचा प्रश्न उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. तो पकडता येत नाही, विकता येत नाही, पाळताही येत नाही. तरीही मिरची आणि भिजवलेली डाळ खात, वीतभर शेपूट तारांबाहेर काढून बसलेला मिठू किती ओट्यांवर दिसतो, हे वाचकांनीच आठवून पाहावे. त्याची शेपूट बाहेर येते ती हौसेने नव्हे. आत ती मावत नाही.

मराठीच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी बाणभट्टाची आठवण होणे क्रमप्राप्त आहे. ज्या ‘कादंबरी’वरून आपण या वाङ्मयप्रकाराला नाव दिले, तिचा निवेदक वैशंपायन नावाचा पोपट आहे, आणि शूद्रक राजाच्या दरबारात तो सोन्याच्या पिंजऱ्यातून येतो. पोपटाच्या पिसांच्या हिरव्या झळाळीने ते सोने पाचूसारखे दिसते, असे वर्णन आहे. वर्णन करायला बसला की एकेका वाक्याला पान खर्ची घालणारा हा कवी; पण पिंजऱ्याची लांबी काही मला त्यात सापडली नाही. सळ्यांच्या रंगाकडे पाहायचे आणि अंतराकडे पाहायचे नाही, ही आपली सवय जुनी म्हणायची.

अंतरावरून आठवले. सळ्यांमधले अंतर हाही मापाचाच भाग आहे. बजरीगरासाठी ते अर्ध्या इंचाहून जास्त नको, नाहीतर डोके अडकते. मोठा पिंजरा स्वस्तात मिळाला म्हणून मोठ्या पोपटाचा पिंजरा आणणाऱ्यांची येथे फसगत होते. आमच्या वर्गातील एका उत्साही मित्राने वेल्डिंगवाल्याकडून जाळीचा पिंजरा करून घेऊ, स्वस्त पडेल, असे सुचविले. सूचना चांगली आहे, पण हार्डवेअरच्या दुकानातल्या जाळीला जस्ताचा मुलामा असतो. हे पक्षी दिवसभर चोचीने तार कुरतडतात आणि ते जस्त पोटात जाऊन त्यांना विषबाधा होते. तेव्हा स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी. ती महाग पडते, हे मान्य. दांड्या मात्र फुकट मिळतील. प्लॅस्टिकच्या एकसारख्या जाडीच्या दांडीवर सतत बसून पायांच्या तळव्यांना फोड येतात. त्यापेक्षा महाविद्यालयाच्या मागच्या पेरूच्या, कमी-अधिक जाडीच्या फांद्या केव्हाही चांगल्या. त्या दोन टोकांना दोनच लावाव्यात आणि मधली जागा मोकळी सोडावी. झोपाळे, आरसे, घंटा यांनी पिंजरा भरून टाकणे म्हणजे मोठे घर बांधून त्यात कपाटे लावत सुटणे.

“एवढे सगळे करण्यापेक्षा पक्षी सोडूनच द्या ना!” असे एका मैत्रिणीने चर्चेत म्हटले. भावना उदात्त आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला परदेशी बजरीगर आपल्या रानात स्वतःचे पोट भरू शकणार नाही, आणि कावळे नि शिक्रे त्याला तशी सवडही देणार नाहीत. जो जीव मोकळा करता येत नाही, त्याच्या पिंजऱ्याचे माप अधिकच काटेकोर असावे, असे मला वाटते. शिवाय तो पाच ते दहा वर्षे जगतो; आम्ही येत्या उन्हाळ्यात जाणार. जोडीला मडके लावले तर ती चार-सहा अंडी घालते, सुमारे अठरा दिवसांत पिल्ले निघू लागतात, आणि दोघांसाठी मोजलेली जागा आठांच्या वाट्याला येते. म्हणून मडके लावायचे नाही, हेही आत्ताच ठरले पाहिजे.

दोन गोष्टी मात्र लांबी-रुंदीत मोजता येत नाहीत. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्षाचे दिवे रात्री अकरापर्यंत जळतात. या पक्ष्यांना रोज दहा-बारा तास काळोख आणि शांतता लागते. तेव्हा पिंजऱ्यावर संध्याकाळी कापड कोण टाकणार आणि सकाळी कोण काढणार? दुसरी गोष्ट सुट्ट्यांची.

व्हरांड्याच्या दोन खांबांमध्ये सात फूट अंतर आहे, ते मी मोजले आहे. पाच फुटांचा पिंजरा तेथे भिंतीला लागून, पश्चिमेचे ऊन टाळून, माणसाच्या छातीच्या उंचीवर बसतो. तसा आराखडा, जाळीचा खर्च आणि महिनावार दाणापाण्याचा तक्ता करून मी वर्गप्रतिनिधीकडे दिला आहे. जून ते एप्रिल या रकान्यांत कनिष्ठ वर्गांतील नावे भराभर आली. दिवाळीच्या तीन आठवड्यांचा आणि मे महिन्याचा रकाना हा मजकूर छापायला जाईपर्यंत कोराच आहे. तो तसाच राहिला, तर वर्गणीतून वाचनकक्षासाठी दोन पंखे येतात, त्यांचाही भाव मी विचारून ठेवला आहे.