पोलादाची प्रत आणि टर्नरची इभ्रत

खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले वडूज औद्योगिक नगर म्हणून कोणी ओळखत नाही. येरळेच्या काठचे आणि पर्जन्यछायेच्या मुलुखातले हे गाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात नोंदले गेले ते ९ सप्टेंबर १९४२ रोजी मामलेदार कचेरीवर चालून गेलेल्या मोर्चावर झालेल्या गोळीबारामुळे, आणि पुढे शासकीय दप्तरांत त्याचे नाव येत राहिले ते बहुधा टंचाईच्या तपशिलात. परंतु दुष्काळी मुलुखालाही यंत्रे लागतात, किंबहुना अधिकच लागतात. बोअरमध्ये सोडलेल्या पाणबुडी पंपाचा शाफ्ट झिजला, दूध संकलन केंद्रातल्या टाकीचा कॉक गळू लागला, साखर कारखान्याच्या एखाद्या पाइपाला नवा फ्लँज हवा झाला, की तो जिन्नस अखेर कोठल्या तरी लेथवर चढतो, आणि आजकाल तो पुष्कळदा स्टेनलेस स्टीलचा असतो. ज्या लेथवर माइल्ड स्टील, बीड आणि पितळ वर्षानुवर्षे बिनतक्रार कापले गेले, त्याच लेथवर, त्याच टूलने आणि त्याच हातांनी हे पोलाद कापू गेले म्हणजे टूलची धार जळते, ड्रिल जागच्या जागी फिरत राहते आणि इंचभरही पुढे सरकत नाही, टॅप भोकातच मोडतो. आणि मग मालक व गिऱ्हाईक या दोघांचेही बोट टर्नरकडे वळते.

हा दोष टर्नरच्या पदरी घालणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला ज्या धातूवर शिकवले तो धातू निराळा होता, ज्या धातूवर त्याची परीक्षा होते तो निराळा आहे, आणि या दोहोंमधील अंतर त्याने आपल्या मजुरीतून, आपल्या इभ्रतीतून आणि कधी कधी आपल्या बोटांतून भरून काढावे, अशी आपली विनाबोलती व्यवस्था झाली आहे.

मुळात हे पोलाद असे का वागते, ते पाहिले पाहिजे. जर्मनीतील क्रुप कारखान्यात १९१२ च्या सुमारास निकेल आणि क्रोमियम मिसळलेले न गंजणारे पोलाद सिद्ध झाले आणि १९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने क्रोमियमयुक्त पोलादाचा ओत काढला, तेव्हापासून या कुटुंबाचा विस्तार अफाट झाला आहे. त्यांतील जी प्रत आपल्या स्वयंपाकघरात, दूधटाकीत आणि रुग्णालयात सर्वांत अधिक दिसते ती ३०४, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेली. क्रोमियममुळे तिच्या पृष्ठावर अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा धरतो आणि गंज अडतो. निकेलमुळे तिची अंतर्गत रचना चिवट आणि ताणसह होते. ती मूळची कठीण मुळीच नसते. ती दाबली, रेटली, घासली गेली की त्या जागी कठीण होते, आणि टर्नरचे सारे दुःख या एका गुणात साठलेले आहे.

माइल्ड स्टीलवर शिकलेल्या हाताला जी सवय सद्गुण म्हणून लावली जाते, तीच येथे घात करते. हळूहळू, नाजूकपणे, केसाएवढा कट घेत जॉब मापात आणावा, टूल बोथट वाटले तरी आणखी एक फेरा मारून पाहावा, ही ती सवय. माइल्ड स्टील हे सहन करते. ३०४ च्या सळईवर मात्र बोथट टूल कापण्याऐवजी घासू लागते, त्या घर्षणाने पृष्ठावरचा सुमारे ०.१ मि.मी.चा थर मूळच्या जवळजवळ दुप्पट कठीण होऊन बसतो, आणि पुढचा केसाएवढा कट नेमका त्या कठीण थरातूनच जाऊ पाहतो. म्हणून या धातूचा नियम असा, की धार तीक्ष्ण असावी, फीड भरघोस असावा, आणि प्रत्येक कट आधीच्या कटाने कठीण करून ठेवलेल्या थराच्या खालून जावा; धार जेथे धातूला टेकेल तेथे तिने कापलेच पाहिजे, नाहीतर तिने तेथे टेकूच नये. काटकसरीने वागणाऱ्या कारागिराला हे धाडस उधळेपणाचे वाटते, आणि त्याला ते कोणी समजावून सांगितलेले नसते.

दुसरी अडचण उष्णतेची. माइल्ड स्टील कापताना निर्माण झालेली उष्णता जॉबमध्ये आणि चिपमध्ये झटकन पसरते. ३०४ ची उष्णतावाहकता त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढीच असल्यामुळे ती उष्णता धारेपाशीच कोंडून राहते आणि धार मऊ पडते. अशा वेळी वेग कमी करणे हा पहिला उपाय होय. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने सव्वीस वर्षे धातू कापण्याचे प्रयोग करून १९०७ साली जो संबंध मांडला, त्यावरून असे निघते की हायस्पीड स्टीलच्या टूलचा वेग केवळ दहा टक्क्यांनी वाढवला तरी त्याचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. हे ज्ञान शंभर वर्षांहून जुने आहे. तरीही घाईच्या कामाला वेग वाढवा, हाच हुकूम आजही शॉपमध्ये प्रथम निघतो. उष्णतेचा आणखी एक सूक्ष्म उपद्रव असा, की हे पोलाद तापल्यावर माइल्ड स्टीलपेक्षा सुमारे दीडपट फुगते. ५० मि.मी. व्यासाचा जॉब हवेहून ६० अंशांनी तापलेला असताना मायक्रोमीटरवर अचूक भरला, तर थंड झाल्यावर तो ०.०५ मि.मी.ने कमी भरतो, आणि बेअरिंग बसवायच्या वेळी तो ढिला निघाला म्हणजे प्रामाणिकपणे माप घेतलेला इसम खोटा ठरतो.

ड्रिलिंगची कथा याहून अवघड आहे, कारण तेथे धार डोळ्यांना दिसत नाही. ड्रिलच्या टोकाशी, अगदी मध्यभागी, कापण्याचा वेग शून्य असतो; तो भाग धातू कापत नाही, केवळ रेटून बाजूला सारतो, आणि रेटले की कठीण होणे हा तर या धातूचा स्वभावच. सामान्य ड्रिलचे टोक ११८ अंशांचे असते; स्टेनलेससाठी १३५ अंशांचे, मध्यावर चिरून घासलेले टोक हवे, म्हणजे रेटणारा भाग लहान होतो. ड्रिलचे पोलाद कोबाल्टयुक्त हवे. ५ टक्के कोबाल्टचे एम-३५ किंवा ८ टक्क्यांचे एम-४२ आज बाजारात मिळते. १० मि.मी.चे ड्रिल माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला सुमारे ९०० फेरे चालवणाऱ्याने ३०४ मध्ये ते ३८० च्या आसपास चालवावे आणि फीड मात्र न कचरता, अखंड द्यावा. हाताने दांडा ओढून ड्रिल करणारा मनुष्य दमला आणि क्षणभर थांबला, तर ड्रिल त्या क्षणी तळ घासते, तळ आरशासारखा चकाकू लागतो, आणि त्यानंतर ताकद लावणे व्यर्थ असते. सेंटर पंचावर जोराचा हातोडा मारून खूण खोल करण्याची जी रीत फिटर लोकांना प्रिय आहे, तीही येथे बाधते. भोक जेथे पाडायचे तेथेच आपण धातू आधी कठीण करून ठेवतो. पंच हलका मारावा, ड्रिल आखूड घ्यावे, आणि कूलंट ब्रशने शिंपडण्याऐवजी धारेने सोडावे.

चिपविषयी एवढेच सांगतो की ती तुटत नाही. लांबच लांब, पात्यासारखी धारदार फीत निघते, चकभोवती गुंडाळते आणि मशीनबरोबर फिरू लागते. ती चालत्या मशीनवर हाताने ओढून काढण्याची सवय मोडलीच पाहिजे. चिप तोडणारी खाच असलेले इन्सर्ट वापरणे हा धंद्याच्या हिशेबाचा प्रश्न नाही, ती कामगाराच्या बोटांच्या सुरक्षिततेची बाब आहे. कार्बाइड इन्सर्टच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पोलादाला निळा, बिडाला लाल आणि स्टेनलेसला पिवळा रंग नेमून दिलेला आहे, त्या पिवळ्या रंगाची ‘एम’ वर्गातली डबी मागून घेतली तरी अर्धे काम होते. परंतु लहान शॉपमध्ये एकच इन्सर्ट सर्व धातूंना चालवण्याची प्रथा पडली आहे, आणि ती प्रथा टर्नरने पाडलेली नाही.

येथवर मी स्टेनलेस हा एकच धातू असल्यासारखे बोललो. वस्तुतः तो एक मोठा गोतावळा आहे, आणि गिऱ्हाइकाचा सर्वांत मोठा अपराध हा की तो प्रत न सांगता सळई आणून टाकतो. कापण्यास सुलभ अशा गंधकयुक्त पोलादाला १०० गुण दिले, तर ३०४ ला सुमारे ४५ मिळतात. त्याच कुटुंबातील ३०३ मध्ये मुद्दाम ०.१५ टक्के किंवा अधिक गंधक घातलेले असल्यामुळे तिला ७८ च्या आसपास मिळतात आणि तिची चिप आपोआप तुटते. मात्र ३०३ गंजाला थोडी हळवी असते आणि वेल्डिंगला तडकते, म्हणून दूधटाकीला ती नको. पण ज्या बुशला ना वेल्डिंग लागायचे ना खारे पाणी, तो ३०४ मधून काढून घेणे हा कारागिराचा नाहक छळ आहे. याच्या उलट २०२ ही प्रत. तिच्यात महाग निकेल कमी करून त्याऐवजी मँगेनीज आणि नायट्रोजन भरलेले असते, ती ३०४ पेक्षाही लवकर कठीण होते, आणि स्वस्त असल्यामुळे जिन्याच्या कठड्यांपासून भांड्यांपर्यंत सर्वत्र शिरली आहे. दुकानात लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत आहे. परंतु चुंबक २०२ ला चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही, आणि गंमत अशी की अस्सल ३०४ सुद्धा वाकवल्यावर किंवा ठोकल्यावर त्या जागी किंचित चिकटू लागते. म्हणजे ही परीक्षा प्रामाणिक मालाला खोटा ठरवते आणि हलक्या मालाला सोडून देते.

मला याचा खेद विशेष वाटतो, कारण हा मुलूख धातूच्या परीक्षेत अडाणी नाही. खानापूर, आटपाडी, माण आणि खटाव या दुष्काळी तालुक्यांतून बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतील सराफपेठांत सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या हुन्नरावर उभे राहिले. त्या हुन्नराचा पायाच असा, की कस पाहिल्याशिवाय व्यवहार नाही. ज्या घरातला एक भाऊ परमुलखात सोन्याचा कस निष्ठेने लावतो, त्याच घरातल्या दुसऱ्या भावाच्या लेथवर कसाविना, दाखल्याविना सळई का यावी? कारखान्यातून निघणाऱ्या पोलादाला ओताचा क्रमांक असतो आणि त्यासोबत रासायनिक घटकांचा दाखलाही मिळू शकतो. तो मागण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे, आणि तो टर्नरच्या हाती देण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. नगावर ठरणारी मजुरी या दाखल्यावरून ठरावी. माइल्ड स्टीलच्या दराने २०२ कापून मागणे म्हणजे टूलची झीज कारागिराच्या खिशातून वसूल करणे होय.

या भागाने यापूर्वी एकदा याच स्वरूपाचा प्रश्न सोडवलेला आहे. आज खटाव तालुक्यात मोडणारे औंध तेव्हा संस्थान होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक राहिलेले आणि बेळगावात सायकलींपासून नांगरांपर्यंत येऊन पोचलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर जागेच्या शोधात असता, औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची आपल्या संस्थानातली माळजमीन दिली, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते असे समजणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये त्यांना तो विकायचा होता. अशा ठिकाणी माल पाठवून भागत नाही, मालाबरोबर समजही पाठवावी लागते. आणि त्या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मराठी नियतकालिक काढले, ते पुढे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात गेले असले तरी त्याचा उगम एका यंत्रशाळेत झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. यंत्रविद्या मराठीतून, सामान्य माणसाला समजेल अशी सांगता येते, असा विश्वास त्या माणसांना होता. आज इन्सर्टच्या डबीवरचा मजकूर इंग्रजीत, वेगाचा तक्ता इंग्रजीत, आणि तो वाचणारा मुलगा मराठी शाळेतून आलेला, अशी स्थिती आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील कारागीर शिक्षणाची योजना १९५० मध्ये सुरू झाली, आणि टर्नरचा अभ्यासक्रम आजही दोन वर्षांचा आहे. या दोन वर्षांत मुलाच्या हातून जे लोखंड जाते ते बहुतांशी माइल्ड स्टील असते, कारण ते स्वस्त आहे, आणि कारण तेथील टूले तेवढ्यालाच टिकतात. मग तो मुलगा सातारा, कुपवाड किंवा पुण्याच्या वसाहतीत शिकाऊ म्हणून जातो आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे ३०४ चा फ्लँज येतो. त्याने ड्रिल जाळले की फोरमनकडून त्याला जे ऐकावे लागते, ते वास्तविक त्याच्या अभ्यासक्रमाच्या खरेदी-यादीला ऐकवायला हवे.

म्हणून माझी मागणी नव्या इमारतीची नाही, नव्या यंत्राचीही नाही. प्रत्येक तालुक्याच्या प्रशिक्षण संस्थेने पुढील सत्राच्या साहित्य-खरेदीत माइल्ड स्टीलसोबत ३०४ आणि २०२ च्या थोड्या सळ्या, दाखल्यासह, मागवाव्यात. कोबाल्टची ड्रिले आणि पिवळ्या खुणेचे इन्सर्ट यांची तरतूद करावी. वेग व फीड यांचा मराठी तक्ता प्रत्येक लेथच्या गिअरबॉक्सवर चिकटवावा. आणि अंतिम परीक्षेचा एक तरी जॉब स्टेनलेसचा ठेवावा, ज्यात एक भोक आणि एक आटा अवश्य असेल. शिक्षकांनाही आधी तो जॉब स्वतः करू द्यावा. आणि परिसरातले साखर कारखाने व दूध संघ, जे दरवर्षी बदललेले जुने शाफ्ट आणि फ्लँज भंगारात काढतात, त्यांनी प्रत नोंदवून त्यांतले काही नग संस्थांच्या स्वाधीन करावेत. भंगाराच्या हिशेबात त्याने पडणारा फरक त्यांच्या ताळेबंदात दिसणारही नाही.