विमानतळ दोन, प्रीकूलिंग कुठाय?

हल्ली आमच्या सिन्नरच्या पूर्व भागात सभा कुणाचीही असो, एक वाक्य ठरलेलं. "एका हाताला ओझर, दुसऱ्या हाताला शिर्डी, तुमचा माल आता विमानानं जाणार!" टाळ्या पडतात.

शिर्डीचं विमानतळ म्हणजे कोपरगाव तालुक्यातलं काकडी गाव, 2017 ला सुरू झालं. ओझरची धावपट्टी हॅलच्या कारखान्यामुळं जुनीच. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन्हींत 68-70 किलोमीटर. पण आपली पिकअप पट्टीवरून जात नाही. झगडे फाटा, वावी, सिन्नर, मग नाशिकरोड, द्वारका, आडगाव करत ओझर. शंभराच्या आसपास भरतं. द्वारकेला अडकलात तर अडीच तास धरा. सायखेड्याकडून गेलं तर किलोमीटर वाचतात, वेळ वाचेल का ते खड्ड्यांना विचारा. समृद्धी आमच्या तालुक्यातून जातो खरा, पण तो मुंबईकडं, ओझरला नाही.

आणि हे अंतर आपण मोजायचं तरी कशाला? एका विमानतळावरून दुसऱ्यावर माल कोण नेतंय? नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती बहुतेक न्हावा शेवाहून, जहाजानं. एका रीफर कंटेनरात 12-13 टन. तीन-चार आठवडे पाण्यावर. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात गडबड झाली, तेव्हा आफ्रिकेला वळसा पडला, म्हणजे आणखी दिवस. एवढं होऊन घड ताजा उतरतो, कारण तोडणीनंतर चार-सहा तासांत तो गार केलेला असतो. कुठल्याही कृषी तज्ज्ञाला विचारा, हेच सांगेल.

त्या चार-सहा तासांवर भाषण कुणी करत नाही. सकाळी सातला तोडणी, दहाला क्रेट बांधावर, गाडी येते अकराला, पॅकहाऊस निफाड-पिंपळगावकडं. मार्चच्या उन्हात मणी तापून जातो. निर्यातीचा माल तिथंच लोकल होतो, साहेब.

विमानानं जाण्यासारखा माल आहे, नाही कशाला म्हणू. भाजी, फुलं, डाळिंबाचे दाणे. पण त्यालाही आधी गारवाच लागतो. उन्हात तापलेली मिरची विमानात बसवली म्हणून दुबईत ताजी उतरणार नाही.

विमानतळाला माझा विरोध नाही. भाविक येतात, खरेदीदार येतात, चांगलंच आहे. पण शेतकऱ्याच्या नावानं टाळ्या घेता तर वावी, नांदूर शिंगोटे, सायखेडा या पट्ट्यात प्रीकूलिंग द्या, शेतकरी कंपन्यांना चालवायला द्या. आणि सायखेड्याचा रस्ता भरलेला क्रेट हलणार नाही असा करा.

क्रेट भरल्यापासून माल गार खोलीत जाईपर्यंत तुम्हाला किती तास लागतात, ते गाव आणि पिकासकट खाली लिहा. पुढच्या सभेत तो कागद मी उभा राहून वाचणार आहे.