डास त्यांचे, ताप आपला

युरोपात डास नसतात, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. स्वच्छ रस्ते, झाकलेली गटारं, थंड हवा... मग डास येणार कुठून? आम्ही सार्डिनियाला जातोय म्हटल्यावर आत्याने बॅगेत ओडोमॉसच्या दोन ट्यूबा कोंबल्या, तेव्हा घरातली तरुण मंडळी खो खो हसली होती. (आत्या, हे खास तुझ्यासाठी लिहितेय. पुढे वाच.)

तर मंडळी, सार्डिनियात डास आहेत. भरपूर आहेत. इटालियनमध्ये डासाला ‘झांझारा’ म्हणतात, आणि रात्री दोन वाजता कानाशी आल्यावर तो अगदी तस्साच वाजतो.

माझा दादा तोरिनोला असतो. त्याने आणि वहिनीने पश्चिम किनाऱ्यावर काब्रास नावाच्या गावात दहा दिवस घर घेतलं होतं. गावाला लागूनच एक भलंमोठं उथळ, निमखारं तळं आहे. त्यात फ्लेमिंगो उभे असतात, आणि बोय मासा मिळतो. त्याची गाबोळी मीठ लावून, दाबून, वाळवतात आणि पास्त्यावर किसून घालतात. मी तीन वेळा खाल्ली, आणखी खाल्ली असती. आता जिथे असं तळं, लव्हाळे आणि उकाडा आहे, तिथे डास नसतील तरच नवल! तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. प्रत्येक खिडकीला सरकती बारीक जाळी, अंगणात उदबत्तीसारखी जळणारी हिरवी वेटोळी. आपल्या कछुआ छापची ही चुलतबहीण. तिला तिथे ‘झाम्पिरोने’ म्हणतात, एकोणिसाव्या शतकात व्हेनिसच्या झाम्पिरोनी नावाच्या औषधविक्याने ती काढली म्हणून.

पण रात्री गुणगुणणाऱ्या डासाबद्दल मला फारसं बोलायचं नाहीये. दिवसा चावणारा दुसरा एक आहे. लहानसा, काळा, पायांवर पांढरे पट्टे, आवाज जवळजवळ नाहीच. सकाळी अंगणात कॉफी पीत बसलं की घोट्यांचा समाचार घेतो. हा टायगर डास मूळचा आशियातला, म्हणजे आपल्याच बाजूचा! १९९० साली तो इटलीत पहिल्यांदा सापडला जिनोव्हामध्ये. जुन्या टायरांत साठलेल्या पाण्यातून आला. आम्हीही सार्डिनियाची बोट जिनोव्हालाच पकडली, त्यामुळे मला उगाचच गाववाला भेटल्यासारखं झालं. कुंडीखालच्या ताटलीत पळीभर पाणी असलं तरी त्याचा संसार थाटतो. त्याची अंडी कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात.

आणि इथेच माझं म्हणणं सुरू होतं. प्रवासाला निघताना आपण सगळे विचारतो, ‘तिथे डास आहेत का? आपल्याला काय होईल?’ माझ्या मते प्रश्न उलटा विचारायला हवा. आपण पुण्याहून, मुंबईहून, ऐन पावसाळ्यातून उठून तिथे जातो, तेव्हा आपल्यामुळे तिथल्या डासांना काय होईल?

हसू नका. सार्डिनियाचा इतिहासच हे सांगतो. हे बेट हिवतापासाठी पार रोमन काळापासून बदनाम. सिसेरोचा भाऊ तिथे नेमणुकीवर होता, तर सिसेरोने त्याला पत्रात बजावलं होतं की हिवाळा असला तरी तब्येतीला जप, तू सार्डिनियात आहेस हे विसरू नकोस. पुढे शतकानुशतकं लोक किनारा सोडून आत डोंगरात राहिले. थॅलेसेमियाचं प्रमाण तिथे आजही मोठं आहे, कारण त्या जनुकाची एकच प्रत असलेल्याला हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं. डास इतका रक्तात मुरलेला!

मग १९४६ ते १९५० या काळात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने तिथे जंगी मोहीम झाली. अडीचशे टनांहून जास्त डीडीटी फवारलं. घरं, गोठे, गुहा, विहिरी, पूल, काही सोडलं नाही. हेतू होता हिवतापाच्या डासाची जातच बेटावरून नाहीशी करायची. तो साफ फसला. डास आजही आहे. पण हिवताप गेला! (एवढ्या डीडीटीने बाकी काय काय मारलं तो वेगळा विषय, त्यावर कधीतरी.)

हे वाचून मी जरा थबकले. डास राहिला आणि रोग गेला, ते कसं? कारण डास रोग घेऊन जन्माला येत नाही. तो माणसाकडून घेतो आणि माणसाला देतो. डासांची संख्या पुरेशी खाली गेली, रुग्ण बरे झाले, आणि उरलेल्या डासांना चावायला आजारी माणूसच मिळेना. साखळी तुटली. म्हणजे ती पुन्हा जोडायची तर बाहेरून एक तापकरी माणूस पुरे.

आणि तसं इटलीत झालेलंही आहे. २००७ साली एमिलिया-रोमान्या भागातल्या दोन छोट्या गावांमध्ये चिकनगुनिया पसरला, दोनशेहून जास्त लोक आजारी पडले. सुरुवात कुठून झाली? केरळहून नातेवाइकांना भेटायला आलेल्या एका माणसाला ताप होता. त्याला टायगर डास चावला, बस्स. त्या माणसाला मी कणभरही दोष देत नाही. भावाबहिणींना भेटायला आलेला माणूस ताप आला तर काय करेल? गोळी घेऊन पडून राहील. मीही तेच केलं असतं. पण आता हे आपल्याला माहीत आहे. २०२४ मध्ये फानो शहरात डेंगी असाच पसरला, शंभराहून जास्त जणांना झाला. त्याच वर्षी आपल्या पुण्यात डेंगी-चिकनगुनियाच्या जोडीला झिकाही होता.

आम्ही निघालो ते दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून. चौथ्या दिवशी नवऱ्याला ताप आला. १०२. अंगदुखी, डोळ्यांमागे ठणका.

दादाचं म्हणणं, “बोटीवरच्या एसीमुळे झालं असेल. क्रोसिन घे आणि झोप. उगाच डॉक्टरकडे गेलो तर दहा प्रश्न विचारतील, घरमालकीण घाबरेल, गावभर होईल.” दादा वाईट माणूस नाही हो, तुम्हाला माहीतच आहे. परक्या देशात तीस वर्षं राहिलेल्या माणसाला ‘हे लोक आपल्याकडून रोगराई आणतात’ हे वाक्य ऐकायचं नसतं, एवढंच. ते मला समजतं. पण मी म्हटलं, दादा, ते वाक्य खरं होऊ नये म्हणूनच जायचं.

जवळच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात पर्यटकांसाठी सरकारी दवाखाना चालतो, तिथे गेलो. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, कुठून आलात आणि कधी निघालात? रक्त घेतलं. पॅरासिटामॉल चालेल, पण रिपोर्ट येईपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको, डेंगी असेल तर रक्तस्रावाची भीती. आणि तोवर खोलीत राहायचं, जाळी बंद, दिवसाही अंगाला मलम. डेंगी निघालाच तर घराभोवती फवारणी होईल, हेही सांगितलं. आत्याच्या ट्यूबा बॅगेतून सन्मानाने बाहेर आल्या :) माणसाला डासांपासून नाही, डासांना माणसापासून वाचवायला!

घरमालकीणबाईंना वहिनीने सगळं इटालियनमधून सांगितलं. दादा तेवढा वेळ गाडी पुसत होता. बाई सत्तरीच्या पुढच्या. घाबरल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आम्हाला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. जुन्या चुन्यावर पुसट काळ्या अक्षरांत ‘डीडीटी’ आणि खाली एक तारीख, त्यातलं फक्त ४८ वाचता येत होतं. फवारणीवाले प्रत्येक घरावर असा शिक्का मारून जात. त्यांच्या आईला लहानपणी दर उन्हाळ्यात थंडी वाजून ताप यायचा, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, खोलीच्या जाळीला कुठे भोक नाही ना? एक होतं, कोपऱ्यात. त्यांनी सुईदोरा आणून ते स्वतः शिवलं, आणि अंगणातल्या सगळ्या कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करून गेल्या.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. डेंगी नाही, चिकनगुनिया नाही, कसलातरी साधा व्हायरल. तोवर तापही उतरला होता. थार्रोसचे रोमन खांब बघायचे राहिले होते, ते नंतर पाहिले. नवऱ्याने गाबोळीचा पास्ता मागवला आणि माझ्या ताटलीतला अर्धा खाल्ला.