बचत खात्यावर जादा व्याज? आधी ठेव विमा बघा

स्टेट बँक जून २०२५ पासून बचत खात्यावर २.५० टक्के व्याज देते. चार टक्के देणारी बँक सापडली, तर लाखामागे वर्षाला १,५०० रुपये जास्त सुटतात.

अहिल्यानगरकर मात्र एवढ्यावर भुलणार नाहीत. नगर अर्बन बँकेवर डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध आले, तेव्हा खात्यातून जेमतेम १०,००० रुपये काढता येत होते. ४ ऑक्टोबर २०२३ ला परवानाच रद्द झाला.

अशा वेळी ठेव विमा महामंडळ एका बँकेतल्या सगळ्या शाखांची खाती मिळून, व्याजासह, कमाल ५ लाख रुपये देते. पतसंस्थेतल्या ठेवीला, ती मल्टिस्टेट असली तरी, हा विमा नाहीच. विमा असलेल्या बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावर मिळते.