चित्र आणि माल

दसरा-दिवाळीपूर्वी भांड्यांच्या व्यापाऱ्याने व्यावसायिक छायाचित्रकाराकडून मालाची चित्रे काढून घ्यायची ठरवली, तर निम्मे काम कॅमेरा दुकानात येण्याआधीच व्हावे लागते. शुल्क दिवसावर ठरले असेल, तर डबा शोधण्यात गेलेला तासही त्यातच मोजला जातो. म्हणून प्रत्येक नगाला क्रमांक देऊन यादी करावी आणि कोणती चित्रे हवीत तेही लिहावे: संपूर्ण भांडे, झाकण उघडून, कडी जवळून.

स्टील आणि पितळ आरशासारखे असते. त्यात बोटांचे ठसे उमटतात, आणि खुद्द छायाचित्रकारही दिसतो. भांडी आदल्या दिवशी पुसून ठेवावीत, पुढे सुती हातमोज्यांनीच हाताळावीत आणि प्रकाश पांढऱ्या पडद्यातून घ्यावा.

व्यवहार लेखी असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची प्रथम मालकी, विरुद्ध करार नसल्यास, काम सांगणाऱ्याची असते. म्हणूनच छापील करारावर सही करण्याआधी ते कलम वाचावे.

शेवटची दक्षता सर्वांत महत्त्वाची. चित्रात वाटी पातेल्याएवढी भासते, पातळ पत्रा जाड दिसतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये खोट्या मापाबरोबरच ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल सांगून नक्कल देणे, हाही गणला आहे. म्हणून प्रत्येक चित्राखाली उंची, वजन आणि किती लिटर मावते ते छापावे. गावोगावच्या ग्राहकाच्या हाती तराजू नसतो. त्याच्यासाठी चित्र हेच माप.