ओल झाकणाऱ्यांना शेवटचा इशारा

दुरुस्तीच्या नावाखाली आपल्या इमारतीत जे चालले आहे, ते यापुढे खपवून घेतले जाणार नाही. भिंतीला ओल आली की कंत्राटदार येतो, पत्र्याच्या चॅनलची फ्रेम ठोकतो, जिप्समचे बोर्ड मारतो, वर पुट्टी आणि रंग. दोन दिवसांत भिंत कोरी करकरीत. आत पाणी मुरतच राहते. परवा जिन्यालगतच्या फ्लॅटमधला असाच एक फुगलेला बोर्ड उतरवला. मागे कॉलमचे काँक्रीट सुटले होते आणि गंजलेल्या सळया बोटाने खरवडल्या तरी पापुद्रे निघत होते. तो कॉलम त्या एकट्या घराचा नाही. त्यावर चार मजले उभे आहेत.

खोली विभागायला जिप्समचे पार्टिशन जरूर करा. विटांच्या भिंतीपेक्षा त्याचा भार कमी पडतो. पण पाण्याने साधा बोर्ड मऊ पडतो. हिरवा बोर्ड दमट हवा सोसतो, गळती थांबवत नाही. हे कंत्राटदाराला ठाऊक असते आणि तरीही तो गप्प राहतो, याचा आम्हाला संताप आहे.

25 जुलै 2017 ला घाटकोपरची चार मजली इमारत कोसळली, 17 माणसे गेली. तळमजल्यावर फेरबदल चालू होते. आपल्या विरारच्या विजय नगरात ऑगस्ट 2025 मध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग चाळीवर पडला. तिथेही 17 बळी. ते बांधकामच अनधिकृत होते, कारण वेगळे. पण विरारकराला यापुढे ‘माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही.

म्हणून सांगतो. कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय एकही कंत्राटदार गेटच्या आत येणार नाही. त्याच्या कोटेशनमध्ये बोर्डाची कंपनी, जाडी आणि गळतीचे काम स्वतंत्र लिहिलेले हवे. अर्धी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटल्यावरच द्या. बीम-कॉलमला ब्रेकर लावलेला दिसला, तर त्याच क्षणी काम बंद पाडू.

ज्यांनी ओल्या भिंतीवर बोर्ड मारले आहेत, त्यांनी 15 मेपर्यंत ते उतरवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला भिंत दाखवावी. 16 मेला आम्ही रीतसर नोटीस घेऊन दारात येऊ. दार उघडले नाही, तर सभासद आणि कंत्राटदार दोघांच्या नावाने महापालिकेत व पोलीस ठाण्यात तक्रार दाखल होईल. मुदतवाढ नाही.