वैज्ञानिकांचे लोकलेखन : सुबोधतेपलीकडचा निकष

वैज्ञानिकांनी सर्वसामान्यांसाठी केलेल्या लेखनाकडे मराठी समीक्षेने बहुधा कौतुकाने पाहिले. परीक्षकाच्या दृष्टीने क्वचितच. लेखकाची विज्ञानक्षेत्रातील प्रतिष्ठा हीच लेखनाची गुणवत्ता, असे जणू गृहीत धरले गेले. हा धोका खुद्द जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ओळखला होता. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली. नावाचा दबदबा परीक्षकांवर पडू नये, हा त्यामागील हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

मग मजकूर तपासावयाचा तो कोणत्या निकषावर? ‘सुबोधता’ हे प्रचलित उत्तर अपुरे आहे. शिंदखेड्यासारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात ही अपूर्णता विशेष जाणवते. बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर अनेक वर्षे ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट दिले जाई. ‘हे बियाणे शेताच्या कडेने पेरावे’ ही सूचना पूर्णतः सुबोध होती. तरीही अनेकांनी ते पेरले नाही. उत्पन्न घटण्याची भीती हे त्याचे एक कारण. सूचनेमागील विचार वाचकापर्यंत न पोचणे हे दुसरे. नॉन-बीटी झाडांवर वाढलेल्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संयोग पावतात आणि त्यामुळे पुढील पिढ्यांत प्रतिकारक्षमता सावकाश पसरते, ही कार्यकारणसाखळी मनावर ठसली असती, तर त्या पाकिटाचे मोल निराळे ठरले असते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापूस उत्पादकांना मोठा फटका दिला. त्याचे खापर केवळ गद्यावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु गद्याची जबाबदारीही नाकारता येत नाही.

तेव्हा निष्कर्षाबरोबर त्याची कारणे व पुरावा वाचकाच्या हाती येतो काय, हा पहिला निकष मानावा लागेल. दुसरा निकष मर्यादांचा. महास्फोट सिद्धान्ताविषयी नारळीकर अखेरपर्यंत साशंक राहिले. अशा लेखकाच्या बाबतीत बहुमान्य मत कोठे संपते आणि त्याचे स्वतःचे मत कोठे सुरू होते, हे वाचकाला उमगते काय, तेही पाहावे लागते.

पदव्युत्तर वर्गात विज्ञानकथेबरोबरच कृषिविषयक पुस्तिकाही या दोन निकषांवर वाचल्या गेल्या पाहिजेत. ज्या गद्यावर वाचकाचा हंगाम अवलंबून असतो, ते समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कोणतेही वाङ्मयीन कारण संभवत नाही.